बिनपानाच्या चिठ्ठ्या

बाबांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. समोरचं माणूस रागावलं की आपण रडून मोकळे होतो. ते रागावले नाहीत, म्हणून वर्ष झालं तरी ही गोष्ट माझ्या पोटात तशीच आहे. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

बाबा म्हणजे माझ्या मॅडमचे वडील. मॅडम पोलंडच्या. इथे बहारीनमध्ये एका बँकेत मोठ्या जागेवर आहेत आणि जनाबियाला कंपाउंडमधल्या व्हिलात एकट्याच राहायच्या. मी सहा वर्षं त्यांच्याकडे घर सांभाळते. आमचं बिऱ्हाड माहूजला. लेकीचे अब्बा कंपनीची मिनीबस चालवतात, ते सकाळी मला सोडतात आणि रात्री घेऊन जातात.

मॅडमची आई वारली तेव्हा बाबांना त्यांनी इकडे आणलं. बाबांबरोबर कपड्यांची एक बॅग आली आणि मागाहून जहाजाने अकरा खोकी आली. मॅडमनी पहिलं खोकं उघडलं, आत बघितलं आणि तशीच पट्टी परत चिकटवली. मला म्हणाल्या, "आईची एक बशीसुद्धा आणली नाही यांनी. हे आणलं." माझं इंग्रजी कामापुरतं आहे, पण तेवढं मला कळलं.

खोक्यांत पुस्तकं होती, सगळी एकाच जातीची. मी त्यांना पुस्तकं म्हणायचे. मॅडमनी सांगितलं की ही पुस्तकं नव्हेत, हे जर्नल आहे. बाबांच्या गावाकडे, पोलंडच्या एका कोपऱ्यात, वर्षातून एकदा निघायचं. त्या मुलखातल्या जुन्या गोष्टी शोधून त्यात छापायच्या. विद्वान माणसं लिहायची आणि विद्वान माणसंच वाचायची. बाबांनी तीस वर्षं ते चालवलं. "माझ्या वाढदिवसालासुद्धा ते छापखान्यात असायचे," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या, पण ते हसणं बरं नव्हतं.

बाबांना थोडं इंग्रजी येत होतं, माझ्यासारखंच मोडकं. म्हणून आमचं जमलं. मॅडम भराभर बोलायच्या आणि मला हो हो करावं लागायचं. बाबा एक शब्द शोधायचे, मी एक शब्द शोधायचे, मध्ये हात हलवायचे. त्यांच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात आम्ही दोघांनी मिळून ते अंक लावले. एका ठिकाणी त्यांनी माझा हात धरून थांबवलं आणि दोन अंकांच्या मध्ये आपला पंजा आडवा ठेवला. तेवढी जागा मोकळी ठेवायची. मला वाटलं पुढे कधीतरी तिथे काही येणार असेल. तसं नव्हतं. ती जर्मनांशी झालेल्या लढाईची वर्षं होती. त्या वर्षांत अंक निघालाच नाही, म्हणून तिथे काही ठेवायचं नाही.

जर्नलची सगळी हकिगत मला अशीच कळली, कपाट पुसताना, तुकड्या-तुकड्यांनी. ते एका शाळामास्तरने सुरू केलं. त्याच्या मदतीला एक डॉक्टर होता आणि लग्नाच्या पत्रिका छापणारा एक छापखानेवाला. पहिल्या अंकात त्यांनी शेतांची नावं छापली. नुसती नावं, पानंच्या पानं. कुठल्या तुकड्याला लोक काय म्हणतात ते. मी म्हटलं, आमच्याकडेपण प्रत्येक कुणग्याला नाव असतं. कुणगा म्हणजे काय ते मला इंग्रजीत सांगता येईना, तेव्हा मी ओट्यावर पाण्याने भातखाचरं काढून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून नाव विचारलं. मला पाचच आठवली.

त्या मास्तरचा एक नियम होता. गाणं असो, गोष्ट असो, ती ज्या बाईने सांगितली तिचं नाव खाली छापायचं, तिला लिहिता येत नसलं तरी. बाबांनी मला अशा ओळी दाखवल्या. बारीक अक्षरात, पानाच्या तळाशी.

लढाईत मास्तरला सैनिक घेऊन गेले आणि तो परत आला नाही. पुढचा अंक हाताने लिहून तयार होता. छापखान्यात लादी पुसायला एक बाई यायची. तिने ते कागद नेले आणि बटाट्यांच्या खाली ठेवले, लढाई संपेपर्यंत. त्यातूनच नंतर जर्नल परत उभं राहिलं. मग कम्युनिस्ट सरकारचं राज्य आलं. तेव्हाचे अंक पातळ आहेत, कागद करडा आणि खरखरीत, आणि एका अंकात चार पानं ब्लेडने कापलेली आहेत. नको ते छापलं म्हणून. पुढे दिवस बदलले, कोणी कापायला येईना, पण वाचायलाही कोणी येईना. शेवटचा अंक बाबांनीच काढला.

आता त्यांच्या गावच्या वाचनालयाने त्यांना पत्र लिहिलं होतं की जर्नलचा इतिहास लिहून द्या, आम्ही छापतो. पहिल्यापासूनचं सगळं ठाऊक असलेला दुसरा माणूस उरला नव्हता. आणि बाबांचे डोळे जात होते. डोळ्याच्या आतला पडदा खराब झाला होता. सकाळी तासभर, खिडकीशी, मोठं भिंग धरून ते वाचू शकत. त्या एका तासासाठी ते बाकीचा दिवस काढायचे. कुठला मजकूर इतिहासात घ्यायचा ते ठरलं की ते त्या पानात कागदाची पट्टी घालायचे. जुन्या पाकिटांच्या पाठी कापून पट्ट्या केलेल्या असायच्या. पट्टीवर दोन-चार शब्द, मुंगीएवढे. काही पट्ट्या त्यांनी पोलंडमध्येच पूर्वी घातलेल्या होत्या, बऱ्याचशा इथे घातल्या. सगळ्या अंकांत पट्ट्या घालून झाल्या की लिहायला बसायचं, असं त्यांचं ठरलं होतं. गेल्या रमजानच्या आधी ते शेवटच्या अंकापर्यंत आले होते.

त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस ते दवाखान्यात होते. मॅडम जाताना म्हणाल्या, "त्यांच्या खोलीला वास येतो. ते नाहीत तोवर साफ करून टाक."

वास खरोखर येत होता. बहारीनच्या दमट हवेत कागद ओला लागतो आणि एसीने वरून गार पडतो. ओल्या कागदाचा तो वास मला ओळखीचा होता. माझे वडील गावच्या मशिदीत बांग द्यायचे. त्यांच्याकडे लाकडी पेटीत किताबं होती. रमजान जवळ आला की घर झाडून-सारवून झाल्यावर ती किताबं अंगणात चादरीवर उन्हाला ठेवायची. ते काम माझं होतं. वडिलांनी शिकवलेली रीत अशी: आधी किताब रिकामी करायची. पानांत लोकांनी ठेवलेलं काय काय निघायचं, मोरपीस, तावीज, पत्र, दुवा लिहिलेली चिठ्ठी. ते पानात राहिलं तर उन्हात पान भोवती पिवळं पडतं आणि चिठ्ठीखाली पांढरा पट्टा उरतो. आणि लिहिलेला कागद कधी फेकायचा नाही, त्यावर कोणाचं नाव असेल सांगता येत नाही. तो डब्यात जमवून ठेवायचा.

मी तसंच केलं. घाईगर्दीने केलं नाही. दोन दिवस गच्चीवर चादर अंथरून, वारा पडल्यावर, एकेक अंक उघडला, त्यातल्या पट्ट्या काढल्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. एकही उडू दिली नाही. अंक उभे करून, पानं मोकळी करून ऊन दाखवलं, मऊ फडक्याने पुसले आणि जागच्या जागी लावले. मोकळी जागासुद्धा पंजा ठेवून मोजली. खोलीचा वास गेला. मी खूश होते. बाबांना डोळे नीट होऊन येऊ देत आणि खोली अशी बघू देत, एवढंच मनात होतं.

बाबा घरी आले, दोन दिवस झोपून राहिले आणि तिसऱ्या सकाळी टेबलाशी बसले. एक अंक काढला, पानं चाळली. दुसरा काढला. तिसरा उलटा धरून झटकला. मी दारात डबा घेऊन उभी होते. मला वाटलं, हेच शोधत असतील. मी पुढे होऊन दोन्ही हातांनी डबा त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "ऑल हिअर, बाबा. नो मिसिंग."

त्यांनी डब्यात हात घातला. मूठभर पट्ट्या वर काढल्या आणि परत सोडल्या. मग ते खुर्चीत मागे टेकले. मला काही कळेना. त्यांनी एक पट्टी उचलली, मला दाखवली आणि पोलिशमध्ये काहीतरी बोलले, मग इंग्रजीत म्हणाले, "व्हेअर?"

तेव्हा कळलं. पट्टीवर पानाचा आकडा नव्हता. कशाला असेल? पट्टी पानातच होती.

संध्याकाळी मॅडमना मीच सांगितलं. त्यांनी बाबांच्या बंद दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साफ करायला मीच सांगितलं होतं." त्यावरून त्या मला कधी काही बोलल्या नाहीत, हे खरं. पण बाबांनाही त्यांनी त्या रात्री जेवायला दोनदाच हाक मारली, एरवी ते येईपर्यंत मारायच्या.

लेकीचे अब्बा गाडी चालवताना ऐकत होते. म्हणाले, "अगो, तुला कोणी सांगितलान होते हे उद्योग? झाडू मारायचा नि यायचा." पुढच्या सिग्नलला म्हणाले, "नोकरी जाणार काय?" मी म्हटलं, नाही जाणार. तर म्हणाले, मग रडतेस कशाला.

दुसऱ्या दिवशी मी चार पट्ट्या बाबांना विचारून घरी नेल्या. लेक सहावीत आहे, इंग्रजी शाळेत. तिचा फोन कुठल्याही भाषेतलं वाचून दाखवतो असं तिनेच सांगितलं होतं. तिने पट्टीवर फोन धरला, फिरवला, दिव्याखाली नेला. फोनने एका पट्टीवर 'घोडा' असं वाचलं आणि दुसऱ्यांदा त्याच पट्टीवर 'मंगळवार' वाचलं. "इट्स नो यूज, अम्मी," ती म्हणाली. "दीज आर जस्ट लाइन्स." छापील असतं तर वाचलं असतं म्हणे.

मग आम्ही दोघांनी शोधायला सुरुवात केली. रोज सकाळचा तो एक तास. मी त्या वेळचं काम मागे टाकायचे. चारशे बारा पट्ट्या होत्या. बाबा एक पट्टी भिंगाखाली धरायचे, शब्द वाचायचे, डोळे मिटून आठवायचे आणि अंकाचा नंबर सांगायचे. आकडे मला वाचता येतात. मी अंक आणायचे आणि ते सांगतील तिथून पान पान उलटायचे. कधी लगेच सापडायचं. कधी तास त्यातच जायचा आणि पट्टी डब्यात परत जायची.

माझ्या हातून एकच गोष्ट नीट झाली. पोलंडमधून आलेल्या जुन्या पट्ट्या वर्षानुवर्षं पानांत होत्या. त्यांच्या खाली पांढरा ठसा उरला होता, माझे वडील सांगायचे तसाच. मी ठशावर पट्टी ठेवून बघायचे. लांबी जुळली, वेडीवाकडी कापलेली कडा जुळली, की बाबांना हाक मारायचे. एकतीस पट्ट्या मी अशा लावल्या. बाबांनी पहिल्या वेळी माझा हात हातात घेऊन हलवला, पुरुषांशी करतात तसा. मी लाजेने स्वयंपाकघरात गेले. पण इथे घातलेल्या पट्ट्यांचा ठसा कुठेच नव्हता, आणि त्याच जास्त होत्या.

बाबांना सगळ्यांत हवी होती ती लादी पुसणाऱ्या बाईची पट्टी. तिचं पहिलं नाव त्यांना पाठ होतं. आडनाव लढाईनंतरच्या कुठल्याशा अंकात, आभाराच्या यादीत, एकदाच छापलेलं होतं. ते शोधायला त्यांना इथे आल्यावर चार महिने लागले होते. पट्टी आम्हाला मिळाली. तिच्यावर फक्त 'ती' असं लिहिलेलं होतं, बाबांनी सांगितलं. करडे अंक आम्ही तीनदा चाळले. त्यांना त्या कागदावरची बारीक अक्षरं दिसत नव्हती, आणि मला दिसत होती पण वाचता येत नव्हती. मी त्यांना तिचं पहिलं नाव कागदावर मोठं लिहून द्यायला सांगितलं आणि तसंच चित्र प्रत्येक पानावर शोधलं. सात ठिकाणी सापडलं. त्या मुलखात ते नाव आपल्याकडच्या फातिमासारखं असावं. आजूबाजूचे शब्द मी बाबांना मोठे काढून दाखवले, पण सातांतली एकही ती नव्हती. मॅडम दोन शुक्रवारी येऊन बसल्या, पण त्या भरभर उलटायच्या आणि बाबा म्हणायचे, परत बघ, आणि दुसऱ्या शुक्रवारी बापलेकीत वाजलं. नंतर त्या आल्या नाहीत.

उन्हाळा लागला. ऑपरेशनने काही फरक पडला नव्हता. उलट तासाचा अर्धा तास झाला. एका सकाळी बाबांनी पट्टी भिंगाखाली धरली आणि वाचू लागले. मी बघितलं, पट्टी उलटी होती. त्यांची भाषा मला येत नाही, पण इतक्या दिवसांत त्यांच्या अक्षरांची डोकी कुठे आणि पाय कुठे ते कळायला लागलं होतं. ते खूप वेळ बघत राहिले.  मग मी हळूच त्यांच्या बोटांतून पट्टी घेतली, सरळ केली आणि परत दिली. त्यांनी ती पुन्हा भिंगाखाली नेली नाही. टेबलावर ठेवली आणि भिंग तिच्यावर ठेवलं.

मॅडमना ते कळलं तेव्हा त्या सुट्टी टाकून घरी राहिल्या. बाबांना म्हणाल्या, तुम्ही बोला, मी टाइप करते. तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे. बाबा नाही म्हणाले. पुढचं दोघं पोलिशमध्ये बोलले. आवाज चढले. मी इस्त्री करत होते. शेवटी मॅडम माझ्याकडे वळल्या, जणू माझ्याकडून न्याय हवा होता, आणि इंग्रजीत म्हणाल्या, "काय म्हणतात ऐक. म्हणतात, कुठल्या पानावर आहे ते सांगता आलं नाही तर तो इतिहास नाही. ती एका म्हाताऱ्याची गोष्ट आहे."

"येस," बाबा म्हणाले. "ओल्ड मॅन स्टोरी. एव्हरी व्हिलेज हॅज."

मी इस्त्री बाजूला ठेवली. मला सांगायचं होतं की गोष्ट तर गोष्ट, तीच लिहा. आमच्या गावातल्या कुणग्यांची नावं कोणी गोष्टीतसुद्धा लिहिली नाहीत. पण हे सगळं इंग्रजीत कसं सांगायचं, आणि सांगणारी मी कोण. डबा भरणारी मीच. मी कॉलरला इस्त्री लावली.

आठवड्याने बाबांनी मॅडमना वाचनालयाला पत्र लिहायला सांगितलं. मॅडम लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या. मी चहा ठेवायला गेले आणि मॅडमनी मला थांबायला सांगितलं, का ते मला तेव्हा कळलं नाही. बाबा एक वाक्य सांगायचे, मॅडम टाइप करायच्या. पत्र छोटं होतं. एका ठिकाणी मॅडम थांबल्या, त्यांनी काहीतरी विचारलं आणि डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली. बाबांनी मान हलवली. परत तेच वाक्य सांगितलं. मॅडमनी टाइप केलं आणि मला म्हणाल्या, "मी विचारलं, चिठ्ठ्यांचं काय झालं ते लिहायचं का. ते म्हणतात, लिही की माझे डोळे गेले. बस. हेच कारण."

मला बोलायचं होतं. लिहा, माझं नाव लिहा, घरकाम करणाऱ्या बाईने पट्ट्या काढल्या असं लिहा. शब्द तयार होते, इंग्रजीतलेच होते, रोजचे, 'माय मिस्टेक'. दोन शब्द. नळ चालू राहिला तर म्हणते, बशी फुटली तर म्हणते. ते तोंडातून आले नाहीत. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, मी अजून खोलीत आहे की गेले हे त्यांना दिसत नव्हतं. मॅडमनी बटण दाबलं. पत्र गेलं.

मी खोलीतून बाहेर आले आणि सिंकपाशी उभी राहिले. बाबांनी माझ्यासाठी पत्रात खोटं लिहिलं असं म्हणता येणार नाही, डोळे खरंच गेले होते. पण ज्या माणसाने पानाशिवाय एक ओळ लिहायची नाही असं ठरवलं होतं, त्याने त्या पत्रात अर्धं कारण लिहिलं, आणि मी ते लिहू दिलं.

वाचनालयाचं उत्तर दोन दिवसांनी आलं. मॅडमनी जेवताना वाचून दाखवलं. त्यांना वाईट वाटलं, तब्येतीची काळजी घ्या, असं होतं. बाबांनी सूप संपवलं आणि मला विचारलं, आज मीठ कमी आहे का. मी म्हटलं, हो, कमी आहे, माय मिस्टेक.